आलापल्लीची पानगळ



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी आयुष्यभर या भागातल्या मुलांना शिकवलं. आयोजकांनी विषय निवडण्याची मोकळीक दिली, तेव्हाच मी ठरवलं की विषय बाहेरून आणायचा नाही. या मंडपातून उठून शंभर पावलं चाललं की जे दिसतं, त्याच्यावरच बोलायचं. माघ लागला आहे. सागाची पानं गळू लागली आहेत. आज त्या पानगळीवर बोलतो.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. आपल्या जंगलाचा वर्षातला सर्वांत देखणा काळ मार्गशीर्षाच्या अखेरीपासून फाल्गुनापर्यंतचा आहे, आणि नेमका तोच आपण न बघता घालवतो. पाहुणे आले तर पावसाळ्यात त्यांना प्राणहितेचं भरलेलं पात्र दाखवतो. उन्हाळ्यात आले तर वाघ बघायला ताडोब्याला पाठवतो. मधल्या या दिवसांत कोणी आलं तर आपणच सांगतो, ‘आत्ता काही बघण्यासारखं नाही, जंगल वाळलंय.’ चंद्रपूरला मी वर्षानुवर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, आणि हे वाक्य शिकलेल्या माणसांकडूनही ऐकत आलो. ते मला दरवेळी लागतं. वाळणं ही एक गोष्ट, पान उतरवणं ही अगदी दुसरी. वाळलेलं झाड मेलेलं असतं. पान उतरवणारं झाड त्या वेळी फार मोठं काम करत असतं.

आपल्याकडे वर्षाचे सहा ऋतू मानले. कालिदासाच्या ‘ऋतुसंहारा’त ग्रीष्मापासून सुरुवात होते आणि शरद, हेमंत, शिशिर असे तीन वेगळे सर्ग येतात. युरोपातला पानगळीचा एक ऋतू आपल्याकडे या तीन ऋतूंत सांडलेला आहे, आणि त्याला कारणही तसंच आहे. थंड देशांत थंडी आणि लहान होणारा दिवस सगळ्या झाडांना जवळजवळ एकाच वेळी गाठतात. त्यामुळे तिथली अख्खी टेकडी दोन-तीन आठवड्यांत लाल-पिवळी होते आणि रिकामी होते. जपानमध्ये तर मॅपलची पानं कुठे कधी लाल झाली याच्या तारखा हवामान खातं नोंदवतं आणि लोक त्या तारखा बघून सहली काढतात. आपल्याकडे झाडांना गाठते ती पाण्याची टंचाई. पाऊस बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. नंतर जमिनीतली ओल हळूहळू खाली जाते. ती ओल प्रत्येक झाडापाशी वेगवेगळ्या दिवशी संपते. कोणाची मुळं उथळ असतात, कोणाची खोल. कोणी खडकाळ उतारावर उभं असतं, तर कोणी नाल्याच्या काठाला. म्हणून आपल्या जंगलाची पानगळ एका दिवसाची किंवा एका पंधरवड्याची नाही. ती एकेका झाडाची, एकेका उताराची, पाळीपाळीने येणारी आहे. एकदा गाडीतून जाऊन ती बघून होत नाही.

ही पाळी कशी येते ते जरा सावकाश सांगतो, कारण सगळी गंमत त्यातच आहे.

दिवाळी उलटते, बांध्यांतलं धान कापून पुंजणे लागतात, तेव्हा टेकडीवरची सालई पिवळी पडायला लागते. तिच्याबरोबर मोवई. या झाडांचं लाकूड हलकं, मऊ. ती खोडात पाणी साठवून ठेवतात आणि पानं लवकर उतरवून मोकळी होतात. सावरही त्यांच्याच पंगतीतली. या झाडांचा पिवळा रंग फिका असतो, आणि दहा-बारा दिवसांत टेकडीचा माथा राखाडी होऊन जातो. खाली मात्र जंगल अजून हिरवंगार असतं. त्यामुळे मार्गशीर्षात लांबून पाहिलं तर डोंगर वरून खाली येत रंग बदलतो आहे असं दिसतं.

मग येतो साग. आलापल्लीचा साग जगाला माहीत आहे तो फळीच्या रूपात. त्याचं पान कोण बघतो? आणि तरी आपल्या जंगलात त्या पानासारखी दुसरी वस्तू नाही. हातभर लांब, हात फिरवला तर खरखरीत, कोवळेपणी चुरगळलं तर बोटं लाल करणारं. हे पान पावसाळ्यानंतर फार सोसतं. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला एक बारीक अळी त्याच्यावर येते. ती मधला हिरवा गर खाते आणि शिरा तेवढ्या सोडते. वनखात्याच्या दृष्टीने ही कीड आहे आणि त्यांचं बरोबरच आहे. पण पौषात सकाळी सागाच्या खाली उभं राहून वर बघा. काही पानं सबंध, तपकिरी. काही निव्वळ जाळीची, आणि त्या जाळीतून तिरपं ऊन गाळून खाली येतं. एवढं बारीक काम कोणत्याही कारागिराच्या हातून झालेलं मी पाहिलेलं नाही.

सागाचं पान पडताना आवाज करतं. वारा नसला तरी पडतं. रात्रभर दव पडून पान जड होतं, पहाटे देठाचा सांधा सुटतो आणि ते खालच्या पानांवर आदळत, फांद्यांना थडकत जमिनीवर येतं. पहाटेच्या शांततेत हा आवाज इतका मोठा वाटतो की नवखा माणूस अस्वल आलं म्हणून दचकतो. वाट बघत उभं राहिलं तर एका झाडाचं एक, मग बऱ्याच वेळाने दुसऱ्याचं, असं ते चालतं. आणि एखाद्या दिवशी वारा सुटतो. त्या एका दुपारी अर्धं रान उतरून जातं. तुम्ही त्या दिवशी वडशाला कामाला गेला असाल तर ते वर्ष तुमच्या हातून गेलं.

सागाच्या मध्येमध्ये धावडा असतो. आपल्या रानातला खरा तांबडा रंग धावड्याचा. थंडी पडली की त्याची लहान लहान पानं आधी पिवळसर, मग तांब्यासारखी होतात. उन्हं कलताना धावड्याचं एकटं झाड सागाच्या तपकिरी गर्दीत उभं असलं तर नजर तिथून हटत नाही. हा रंग फार टिकत नाही, आठ-पंधरा दिवसांचा खेळ. ऐन मात्र चिवट. सागाने निम्मी पानं टाकली तरी ऐन आपली पानं धरून असतो, आणि माघ-फाल्गुनाच्या सुमाराला ती सोडतो. मोहही उशिराचा. मोह रिकामा होतो तोच फुलांच्या तयारीने. नाल्याच्या काठचे अर्जुन आणि जांभूळ या सगळ्या वेळात हिरवेच राहतात. म्हणून पानगळीच्या दिवसांत उंचावरून पाहिलं तर तपकिरी जंगलातून हिरव्या रेघा वाकड्यातिकड्या गेलेल्या दिसतात. एरवी पाणी कुठून वाहतं ते नकाशात बघावं लागतं. या दिवसांत झाडंच दाखवतात.

आणि शेवटी कुसुम. या झाडाने मला विद्यार्थिदशेपासून वेड लावलं आहे. ते फार थोडे दिवस रिकामं असतं. लगेच त्याला पालवी फुटते, आणि ती पालवी गर्द लाल असते. चैत्राच्या तोंडावर ज्याने कुसुम पहिल्यांदा पाहिला त्याला वाटतं, हे झाड आत्ता पानं टाकायला निघालं आहे. प्रत्यक्षात ते नवं वर्ष सुरू करत असतं. जाताना लाल आणि येताना लाल, अशी दोन टोकं आपल्या जंगलात एकाच वेळी, एकाच उतारावर दिसतात. इकडे ऐन पान सोडतो आहे, तिकडे पळस पेटला आहे, पलीकडे कुसुम लाल झाला आहे.

आता पानं रंगतात आणि गळतात कशी, ते थोडक्यात सांगतो. पानातला हिरवा रंग, हरितद्रव्य, झाडाला महाग पडतो. त्यात नत्र असतं. पान टाकायची वेळ आली की झाड ते मोडून, त्यातलं आणि इतर द्रव्यांतलं नत्र, स्फुरद परत फांदीत ओढून घेतं. साधारण निम्म्याच्या आसपास नत्र असं वाचवलं जातं. हिरवा पडदा बाजूला झाला की आधीपासूनच पानात असलेली पिवळी द्रव्यं दिसू लागतात. सालईचा पिवळा रंग हा असा मागून उघडा पडलेला. धावड्याचा तांबडा मात्र त्याच वेळी नव्याने तयार होतो. पानाच्या देठाशी पेशींचा एक पातळ थर बनतो, तो सुटा होतो, मागे जखम राहू नये म्हणून झाड तिथे बूच लावतं, आणि मगच पान सोडतं. वारा पान तोडत नाही. झाडाने आधीच सोडलेलं पान तो फक्त नेतो.

याच्या पुढची गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. भर उन्हाळ्यात, पाऊस दोन-तीन महिने दूर असताना, जमीन भेगाळलेली असताना पळसाला फुलं आणि कुसुमाला पालवी येते तरी कुठून? पीटर राइख आणि रॉल्फ बोर्शर्ट या दोन शास्त्रज्ञांनी कोस्टारिकातल्या कोरड्या, आपल्यासारख्याच पानझडी जंगलात या प्रश्नाचा माग काढला आणि 1984 मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. झाडांच्या खोडांचा घेर ते मोजत राहिले. उन्हाळा वाढला तसं खोड किंचित आकसत जातं, कारण पानं पाणी उडवत असतात. पानं गळली की ही गळती थांबते. मुळं थोडंथोडं पाणी ओढतच असतात, खोड पुन्हा भरू लागतं, आणि भरलं की कळी फुटते. म्हणजे पळसाचं फूल हे पळसाच्या पानगळीने कमावलेलं आहे. पान गेलं नसतं तर फूल आलं नसतं.

खोडात पाणी असतं म्हणजे किती असतं, याचा एक पुरावा आपल्या शेजारचाच आहे. गोदावरीच्या काठाकाठाने खाली गेलं की आंध्रातलं पापिकोंडा राष्ट्रीय उद्यान लागतं. 2024 च्या मार्च महिन्यात तिथल्या वनाधिकाऱ्यांनी ऐनाच्या एका झाडाच्या खोडावर घाव घातला आणि त्यातून पाण्याची धार लागली. ती चित्रफीत देशभर फिरली. हे झाड पाणी देतं, हे त्यांना सांगितलं होतं तिथल्या कोंडारेड्डी आदिवासींनी. शास्त्रज्ञांनी घेर मोजून जे काढलं ते रानातल्या माणसाला तहानेने शिकवलं होतं.

‘पिकलं पान गळायचंच’ असं आपण म्हाताऱ्या माणसाकडे बघून म्हणतो. पानगळ म्हटली की आपल्या मनात मरण येतं, उदासी येते. आपल्या कवितेतही ती पुष्कळदा तशीच येते. मला हे मान्य नाही, निदान या जंगलापुरतं तरी नाही. इथे पान गळतं ते झाड थकलं म्हणून गळत नाही. झाड पुढच्या फुलासाठी जागा आणि पाणी करत असतं. उदास व्हायचंच तर व्हा, पण ते आपल्या मनाचं आहे, झाडाचं नाही.

पान गेल्यावर जे दिसतं तेही सांगायला हवं. पावसाळ्यात आणि शरदात जंगल ही हिरवी भिंत असते. रस्त्यावरून चार हात आतलं दिसत नाही. माघात ती भिंत उघडते. शेकरूची घरटी, उंच फांद्यांच्या बेचक्यात पानं-काटक्या कोंबून केलेली, तेव्हा नजरेत येतात. मोहोळं दिसतात. खोडं दिसतात, आणि प्रत्येक खोडाची साल वेगळी, हे तेव्हा ध्यानात येतं. ऐनाची मगरीच्या पाठीसारखी, चौकोन पडलेली. सागाची उभ्या रेघांची. आणि खडकाळ उतारावरच्या कांडोळाची पांढरीशुभ्र, चांदण्यात लांबून चमकणारी. जंगलाचा सांगाडा, त्याची बांधणी, मोठी झाडं एकमेकांपासून किती अंतरावर उभी आहेत, लहान झाडं त्यांच्या सावलीत कशी वाकून वर गेली आहेत, हे सगळं समजायला हेच दिवस.

यासाठी फार लांब जायला नको. भामरागडच्या वाटेवर आपलं ‘वनवैभव’ आहे. त्या तुकड्यातल्या झाडांना 1953 पासून कुऱ्हाड लागलेली नाही. 2014 मध्ये शासनाने त्याला जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केलं. क्षेत्र मोठं नाही, सुमारे 6 हेक्टर, म्हणजे चांगल्या शेतकऱ्याच्या शेताएवढं. पण कापायचं नाही असं ठरवलं की साग केवढा वाढू शकतो, हे तिथे कळतं. आलापल्लीची ओळख लाकडाने झालेली आहे. कूप, मार्किंग, डेपो, लिलाव, ट्रक हे शब्द इथल्या पोरांना पाळण्यात कळतात. 2023 मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी आपल्याच चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातलं सागवान गेलं, याचा सगळ्यांना अभिमान वाटला. मलाही वाटला. परंतु त्या लाकडातलं प्रत्येक वर्तुळ एका पानझडीची खूण आहे. साग वर्षातले काही महिने वाढतो, मग पान टाकून थांबतो, पुन्हा वाढतो. थांबण्याची आणि नव्याने वाढू लागण्याची ती रेघ लाकडात राहते. पॉलिश केलेल्या दारावर हात फिरवून ज्या रेघांचं आपण कौतुक करतो त्या इथल्या शिशिराने काढलेल्या आहेत.

मराठीत जंगलाकडे असं बघणारी माणसं थोडी झाली, पण झाली. दुर्गाबाई भागवतांनी ‘ऋतुचक्रा’त प्रत्येक महिन्यावर एक लेख लिहिला. फुलांचा म्हणून चैत्र मोठा आणि रुक्ष म्हणून पौष लहान, असा भेद त्यांनी केला नाही. मला तो मोठा संस्कार वाटतो. मारुती चितमपल्ली मूळचे सोलापूरचे. वनखात्याच्या नोकरीत त्यांनी विदर्भाची रानं पालथी घातली, नवेगाव-नागझिऱ्यात वर्षं काढली आणि मराठी वाचकाला जंगलाची भाषा दिली. 18 जून 2025 ला ते सोलापुरातच गेले. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली होती. आपलं ज्ञान आदिवासी सोबत्यांकडून आलं, हे ते कायम सांगत राहिले. रानात हिंडताना ज्याच्या पावलांवर पाऊल ठेवून चालायचं त्या माणसाला गुरू मानणं, ही गोष्ट आपण त्यांच्याकडून घ्यावी.

इथे लिहिलं गेलं नसलं तरी इथल्या माणसांच्या जगण्यात या ऋतूला जागा आहेच. झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम कोणता? धान घरात आल्यावर सुरू होतो आणि होळीच्या आसपास सरतो. म्हणजे बरोबर पानगळीचा. रात्रभर नाटक बघून पहाटे जंगलाच्या वाटेने परतणाऱ्या हजारो माणसांनी सागाच्या पानांचा आवाज ऐकलेला आहे. मार्कंड्याची महाशिवरात्रीची जत्रा भरते तीही याच दिवसांत, वैनगंगेच्या काठी. आणि माडिया गावांतला पंडुम हा सण बघा. नवं फळ, नवं फूल, नवं धान्य आलं तरी पंडुम झाल्याशिवाय ते तोंडात घालायचं नाही. वस्तूला तिची वेळ द्यायची, ती वेळ आली हे सगळ्या गावाने मिळून पाहायचं आणि मान्य करायचं. झाडाकडे बघण्याची याहून चांगली शिस्त मला कुठल्या पुस्तकात सापडलेली नाही.

शाळेतल्या मुलांसाठी एक सोपी गोष्ट सुचवतो. घराजवळचं एक झाड निवडा. दर आठवड्याला त्याच्याकडे जा, आणि पानं किती हिरवी, किती पिवळी, किती गळाली, कळी आली का, एवढं वहीत लिहा. देशात ‘सीझनवॉच’ नावाचा उपक्रम आहे, त्यात नागरिक आणि शाळकरी मुलं अशाच नोंदी करतात. आलापल्लीच्या सागाची, ऐनाची, कुसुमाची अशी दहा वर्षांची नोंद जर इथल्या शाळांकडे असती, तर हवामान बदलतं आहे का, झाडांच्या पाळ्या मागेपुढे झाल्या का, हे सांगायला बाहेरचा तज्ज्ञ बोलवावा लागला नसता.

आता जे सांगायला मी खरं तर आलो आहे तिकडे वळतो.

पान जमिनीवर आलं म्हणजे ते संपलं असं आपण समजतो. गळून पडलेल्या पानाचं आयुष्य झाडावरच्या पानाइतकंच मोठं असतं. जमिनीवर पाचोळ्याचा थर बसतो. उन्हाळ्यात तो जमिनीतली ओल धरून ठेवतो. त्याच्याखाली वाळवी, गोमा, बुरशी, किडे कामाला लागतात. सातभाईंचा थवा दिवसभर तो उलटापालटा करत फिरतो. पहिला पाऊस येतो तेव्हा थेंबाचा मार हा थर झेलतो. सागाखाली याला फार महत्त्व आहे, कारण सागाच्या मोठ्या पानावरून पाणी एकत्र होऊन जाड थेंबांनी खाली पडतं. खाली पाचोळा असेल तर ते मुरतं, नसेल तर माती धुऊन नाल्यात जाते. झाडाने जे निम्मं नत्र परत घेतलं नाही ते या पाचोळ्यात असतं आणि पुढच्या पावसाळ्यात मुळांकडे परत जातं.

आणि हा पाचोळा आपण जाळतो.

का जाळतो, हे मला ठाऊक आहे, आणि मी इथे कोणावर बोट रोखायला उभा नाही. मोहाचं फूल पहाटे पडतं. ते पाचोळ्यात पडलं तर वेचायला तास जातात आणि निम्मं सापडत नाही. झाडाखालची जागा साफ असावी लागते, आणि काडी ओढली की जागा साफ होते. मोहावर ज्यांची चूल चालते त्यांना ‘मोह वेचू नका’ असं कोणी सांगू नये. तेंदूला आगीनंतर कोवळी पानं भरपूर येतात, असं समजूनही काही ठिकाणी आग लावली जाते. वैशाखात तेंदू खरेदीच्या फळीवर सत्तर पानांचा एकेक पुडा मोजून द्यायचा असतो, त्या पैशावर घरातलं लग्न, बियाणं, मुलांची फी अवलंबून असते. हे सगळं खरं आहे. परंतु मोहाखालची आग मोहाखाली राहत नाही. पाचोळा सलग पसरलेला असतो, दुपारी वारा सुटतो, आणि एका झाडाखालची आग संध्याकाळपर्यंत दोन टेकड्या ओलांडते. मोठ्या झाडाला ती मारत नाही, सालीला चाटून जाते, म्हणून आपल्याला वाटतं की काही झालं नाही. पण खाली उगवलेलं सागाचं, बिज्याचं, चाराचं रोप जळून जातं. जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्याची अंडी जातात. पाचोळ्यातलं नत्र धूर होऊन उडतं. वर्षानुवर्षं अशी आग फिरलेल्या रानात मोठी झाडं दिसतात आणि मधली पिढी दिसत नाही. ती मोठी झाडं मेल्यावर काय?

वाईट गोष्ट ही की ज्या महिन्यांचं सौंदर्य मी आतापर्यंत सांगत आलो, त्याच महिन्यांत धूर इतका असतो की फाल्गुनात कित्येक दिवस समोरची टेकडी नीट दिसत नाही. त्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सूरजागडच्या खनिजाची वाहतूक करणाऱ्या ट्रकांची धूळ. त्या रस्त्याकडेच्या झाडांत धावड्याचा रंग कोणता आणि सागाचा कोणता, हे ओळखता येत नाही. सगळी पानं एकाच लाल धुळीची झाली आहेत. रंगांचा एवढा मोठा ठेवा हाताशी असलेल्या गावाच्या नशिबी हे यावं, याचं मला मनापासून दुःख होतं.

धुळीचं काय करायचं ते एका व्याख्यानाने ठरणार नाही. आगीचं मात्र आपल्या हातात आहे. मोहाखालची जागा झाडूने, खराट्याने साफ होते. पाचोळा ओढून बाजूला ढीग केला तर पावसाळ्यात त्याचं खत होतं, आणि ते बांधीत टाकता येतं. फुलांसाठी झाडाखाली जाळी पसरली तर फूल स्वच्छ मिळतं, त्याला माती लागत नाही, भावही बरा येतो. जाळ्या घ्यायला पैसा लागतो. ग्रामसभांनी तो मोह आणि तेंदूच्या उत्पन्नातून बाजूला काढावा, वनखात्याने मदत करावी. वनखात्याचे कर्मचारी इथे बसले आहेत. जाळरेषा वेळेत साफ करणं आणि आग विझवायला जाणाऱ्या गावकऱ्यांची मजुरी वेळेत देणं या दोन गोष्टी तुमच्याकडून व्हायला हव्यात. रात्री-अपरात्री हिरव्या डहाळ्यांनी आग झोडपणारा माणूस गावचाच असतो.

महाराष्ट्रात वणव्याचा काळ 15 फेब्रुवारी ते 15 जून धरला जातो. तो सुरू व्हायला आता फार दिवस उरलेले नाहीत. आग नसलेलं, धूर नसलेलं, पानं उतरवत असलेलं जंगल बघायला तेवढेच दिवस आहेत. या रविवारी पोराबाळांना घेऊन पहाटे वनवैभवात जा, आणि तिथे तासभर न बोलता उभे राहा. आणि मोह फुलायला लागेल तेव्हा आपापल्या झाडाखाली खराटा घेऊन जा, काडीपेटी घरी ठेवून जा.